डॉ. जेम्स नेस्मिथ : बास्केटबॉलचे जनक

आमच्या हिमायतनगरास खेळांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. महाशिवरात्रीस परमेश्वराची यात्रा भरली म्हणजे कुस्तीच्या फडाकडे लहानथोर सारे लोटतात. हुतुतू, खोखो, आट्यापाट्या, लगोरी हे खेळ वाडवडिलांनी आपणांस दिले. परंतु ते प्रथम कोणी काढले हे आज कोणासही सांगता यावयाचे नाही. बास्केटबॉलची गोष्ट निराळी आहे. पटांगणाच्या दोन टोकांस दोन खांब उभारून, उंच बांधलेल्या कड्यांत चेंडू टाकण्याचा हा खेळ कोणत्या गावी, कोणत्या दिवशी व कोणाच्या बुद्धीतून जन्मास आला हे निश्चितपणे ठाऊक आहे. त्याचा जनक एक शिक्षक होता, आणि एका दांडग्या वर्गास कसे वळवावे ह्या विवंचनेतून तो खेळ निघाला. म्हणून ह्या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांनी तर वाचावेच, परंतु आम्हां शिक्षकांनीही ते लक्षपूर्वक वाचणे अगत्याचे आहे.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील आँटॅरिओ प्रांतात, आल्माँट गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. वडील जॉन हे कष्टाळू गृहस्थ व आई मार्गारेट ही धर्मशील स्त्री होती. परंतु मातापित्यांचे छत्र ह्या बालकास फार दिवस लाभावयाचे नव्हते. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि काही आठवड्यांच्या अंतराने वडील व आई दोघेही निवर्तली. आठनऊ वर्षांचा जेम्स, त्याची बहीण ॲनी व भाऊ रॉबी ही तीन भावंडे पोरकी झाली. आजीने व मामा पीटर यंग ह्यांनी त्यांस आपल्या पंखाखाली घेतले. मामा शिस्तीचे कडक होते. मुलाने आपली अडचण आपणच निस्तरावी, उगाच हात पसरू नये, असे त्यांचे वळण होते.

ह्या वळणाची एक गोष्ट सांगतात. त्या थंड मुलखात हिवाळ्यात नद्या गोठतात आणि मुले तळाशी पोलादी पाती लावलेले जोडे घालून बर्फावरून भरधाव घसरत जातात. जेम्सपाशी असले जोडे नव्हते, व विकत मागण्याची सोयही नव्हती. काठावर उभे राहून इतरांची गंमत पाहण्याचा त्यास कंटाळा आला. तेव्हा त्याने मामाच्या कामाच्या खोलीत जाऊन दोन जुन्या कानशी शोधल्या, त्या चिवट लाकडाच्या पट्ट्यांत घट्ट बसविल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या हातचे जोडे पायांस बांधून तोही बर्फावर उतरला. हाताशी जे असेल त्यातून हवे ते घडवावे, ही पुढील आयुष्यातील त्यांची रीत येथेच दिसून येते.

त्या गावच्या मुलांचा एक खेळ आपल्या लगोरीच्या नात्यातला होता. एका मोठ्या धोंड्यावर एक लहान दगड ठेवावयाचा. एका गड्याने त्याची राखण करावयाची. बाकीच्यांनी ठराविक रेघेवरून दगड मारून तो पाडावयाचा, आणि राखणदाराने शिवण्याच्या आत आपला दगड उचलून परत यावयाचे. जो जोराने सरळ मारी, त्याचा नेम चुकल्यास दगड दूर जाऊन पडे व तो हटकून पकडला जाई. जो मात्र दगड हळूच वर उडवून कमानीसारखा टाकी, त्याचा दगड जवळच पडे आणि त्यास माघारी येण्यास अवसर मिळे. ह्या बालक्रीडेची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

जेम्सचे चित्त अभ्यासात रमत नव्हते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली आणि तो लाकूडतोडीच्या कामावर गेला. आपल्या किनवटच्या रानातील सागाची तोड ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ह्या कामाचे कष्ट सांगावयास नकोत. त्यात तेथील हाडे गोठविणारी थंडी. चारपाच वर्षे अशी गेली. देह बळकट झाला. परंतु सोबतीने काही वाईट सवयीही जडू लागल्या. असे सांगतात की, एके दिवशी तो मद्याच्या दुकानात पेला हाती घेऊन उभा असता शेजारच्या एका वृद्ध माणसाने त्यास ओळखले. तू मार्गारेटचा मुलगा ना, असे त्याने विचारले. आणि आज ती असती तर तिला काय वाटले असते, एवढेच बोलून तो गप्प राहिला. जेम्सने पेला तसाच खाली ठेवला आणि पुन्हा म्हणून मद्यास स्पर्श केला नाही.

विसाव्या वर्षी तो पुन्हा शाळेत जाऊन बसला. आपल्याहून पाचसहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांच्या बाकावर बसण्यास किती धैर्य लागते, ते ज्याने घरच्या अडचणीमुळे शाळा सोडली व पुन्हा धरली तोच जाणे. राहिलेला अभ्यास झपाट्याने पुरा करून १८८३ साली जेम्स माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. १८८७ मध्ये पदवी मिळवून त्याने तेथील प्रेस्बिटेरियन कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला, व १८९० मध्ये तोही पूर्ण केला. धर्मोपदेशक व्हावयाचे, हा त्याचा निश्चय होता.

परंतु ह्याच काळात त्याच्या मनात एक निराळा विचार अंकुरला. मॅकगिलमध्ये तो व्यायामशाळेत जाऊ लागला व विद्यापीठाच्या फुटबॉल संघातही खेळू लागला. त्या काळच्या धार्मिक मंडळींस हा खेळ सैतानाचे साधन वाटे. धर्मशास्त्राच्या काही सहाध्यायांनी तर एका खोलीत जमून, वाट चुकलेल्या ह्या बंधूसाठी प्रार्थना केली. एकदा शनिवारच्या सामन्यात मार खाऊन काळेनिळे झालेले डोळे घेऊन रविवारी त्यास व्यासपीठावर उभे राहावे लागले. पुढे एका सामन्यात शेजारच्या खेळाडूचा तोल सुटून त्याच्या तोंडून शिवी गेली. लगेच जेम्सकडे पाहून त्याने क्षमा मागितली. जेम्सने त्यास कधी उपदेश केला नव्हता, की रागाने पाहिलेही नव्हते. तो नुसता सरळपणे खेळत असे. तेवढ्याने जर शेजाऱ्याची जीभ आवरत असेल, तर क्रीडांगण हीदेखील सेवेची जागा आहे, असे त्यास वाटू लागले. व्यासपीठ सोडून व्यायामशाळेत जाण्याचा हा बेत बहिणीस रुचला नाही. तथापि नेस्मिथ ह्यांनी आपला मार्ग ठरविला होता.

त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय. एम. सी. ए., ह्या संस्थेची एक शिक्षणशाळा होती. देशोदेशींच्या शाखांसाठी चिटणीस व व्यायामशिक्षक तेथे तयार होत. १८९० साली नेस्मिथ तेथे गेले व पुढील वर्षी तेथेच शिक्षक झाले. डॉ. ल्यूथर गुलिक हे व्यायामविभागाचे प्रमुख होते. शरदऋतूत फुटबॉल व वसंतात बेसबॉल चाले. परंतु मधल्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि बंद दिवाणखान्यात कवायत व डंबेल्स ह्यांखेरीज काही नसे. अठरा जणांचा एक वर्ग ह्यास अगदी विटला. ते काही लहान मुलगे नव्हते, चांगले वाढलेले गडी होते. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले.

शिक्षकांच्या बैठकीत ह्या वर्गाची चर्चा निघाली तेव्हा नेस्मिथ ह्यांनी आपले मत स्पष्ट सांगितले. दोष त्या तरुणांचा नसून आपण त्यांस जे देतो त्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. गुलिक ह्यांनी तो वर्ग त्यांच्याच गळ्यात घातला, आणि बंद जागेत खेळता येईल असा एखादा नवा खेळ चौदा दिवसांत काढावा असे सुचविले. बोलणे सोपे, करून दाखविणे कठीण! नेस्मिथ ह्यांनी फुटबॉल आत आणून पाहिला. हातपाय मोडण्याची वेळ आली. पायचेंडू खेळविला, खिडक्यांची तावदाने फुटली. लॅक्रॉस नावाचा काठ्यांचा खेळ खेळविला; तोंडे व हात सुजले. दिवस सरत आले आणि वर्ग होता तसाच राहिला.

अखेर ते आपल्या मेजाशी शांतपणे बसले व एखादे गणित सोडवावे तशी त्यांनी खेळांची फोड केली. खेळ सर्वांस आवडावा तर चेंडू हवा. तो मोठा व हलका असावा, म्हणजे काठी-बॅट नको, हातांनीच चालेल. धसमुसळेपणा कशाने होतो? चेंडू घेऊन धावणाऱ्यास अडवून पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली तर पाडण्याचे कारणच उरणार नाही! ज्याच्या हाती चेंडू येईल त्याने उभ्या जागेवरून तो दुसऱ्याकडे टाकावा. आता राहिला प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असेल तर चेंडू जोराने मारला जाणार आणि कोणास तरी लागणार. येथे त्यांस लहानपणचा तो धोंड्यावरील दगड आठवला. गोल डोक्याच्या वर आडवा ठेवला, तर चेंडू हळुवार कमानीनेच टाकावा लागेल. तेथे बळास वाव नाही, नेमास आहे. गणित सुटले. त्यांनी तेरा नियम लिहिले, व कचेरीतील लेखनिक बाईंनी ते टंकलिखित करून दिले.

ता. २१ डिसेंबर १८९१ ह्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेचा रखवालदार स्टेबिन्स ह्याच्यापाशी दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या होत्या. त्याच दिवाणखान्याच्या सज्जाच्या कठड्यास, जमिनीपासून दहा फुटांवर, खिळ्यांनी ठोकण्यात आल्या. आज जगात सर्वत्र कडी दहा फुटांवर असते त्याचे कारण तो कठडा तेवढ्या उंचीवर होता, इतकेच. अठरा विद्यार्थी, म्हणून दोहों बाजूंस नऊ नऊ गडी. नियमांचा कागद फलकावर पाहून वर्गातला म्होरक्या फ्रँक महान ह्याने कपाळास आठ्या घातल्या. आणखी एक नवे खूळ, असे त्यास वाटले. परंतु चेंडू वर उडाला आणि थोड्याच वेळात खेळ थांबविणे कठीण झाले. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने केला. टोपलीस बूड असल्यामुळे चेंडू काढावयास शिडीवर चढावे लागले!

पुढे हाच महान खेळाच्या इतका प्रेमात पडला की फलकावरील तो कागद त्याने आठवण म्हणून गुपचूप काढून नेला, आणि सुटीनंतर कबुली देऊन परत केला. खेळास गुरुजींचे नाव द्यावे असे त्याने सुचविले. नेस्मिथ ह्यांनी हसून ते नाकारले. मग टोपली आणि चेंडू ह्या दोहोंवरूनच बास्केटबॉल हे नाव पडले. व्यायामशाळेतील गलका ऐकून जवळच्या एका शाळेतील शिक्षिका डोकावल्या व आम्हांसही खेळू द्या म्हणाल्या. त्या पहिल्या स्त्री-खेळाडूंत कुमारी मॉड शर्मन होत्या. १८९४ साली त्या नेस्मिथ ह्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

त्या अठरा विद्यार्थ्यांचा वर्ग पांगला आणि त्याबरोबर खेळही पांगला. त्यांपैकी डंकन पॅटन ह्यांनी तो हिंदुस्थानात आणला. इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीही त्याच वर्गात होता. १८९३ च्या डिसेंबरात पॅरिस येथील संस्थेच्या व्यायामशाळेत स्प्रिंगफील्डच्याच एका माजी विद्यार्थ्याने हा खेळ मांडला, आणि युरोपखंडात त्याचे पाऊल पडले. आपल्या देशात पुढे स्प्रिंगफील्डचेच पदवीधर हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे व्यायामशिक्षकांची शाळा काढली, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षक तेथे शिकून आपापल्या गावी हा खेळ घेऊन गेले. १९३४ साली दिल्ली येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

इतका लोकप्रिय खेळ काढणाऱ्याने किती धन मिळविले असेल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, खेळापासून त्यांनी संपत्ती मिळविली नाही. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, की ह्या कीर्तीच्या जोरावर मोठी जागा मागितली नाही. १८९५ साली ते डेन्व्हर येथे गेले व नोकरी सांभाळून वैद्यकीचा अभ्यास करून १८९८ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात व्यायामशिक्षक व प्रार्थनामंदिराचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. तेथील बास्केटबॉल संघ त्यांनी कित्येक वर्षे सांभाळला. पंचावन्न सामने जिंकले व साठ गमावले. ज्याने खेळ निर्माण केला तोच जिंकण्यापेक्षा हरला अधिक! परंतु जयाची त्यांस फारशी मातब्बरी नव्हती. सामन्यानंतर मुलगा माणूस म्हणून कसा उभा आहे, ते ते पाहत. पुढे त्यांचेच शिष्य फॉग ॲलन हे जयशाली प्रशिक्षक म्हणून नावारूपास आले.

त्या विद्यापीठात १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्यास प्रवेश नव्हता. ज्या खेळासाठी तो एवढ्या दूर आला तो खेळ दारातूनच पाहावा, अशी त्याची अवस्था होती. वृद्ध नेस्मिथ ह्यांनी त्यास आपल्या जवळ केले, मार्गदर्शन केले व शिक्षक होण्याची वाट दाखविली. मॅक्लेंडन ह्यांनी पुढे टेनेसी येथील आपल्या संघास १९५७ ते १९५९ अशी ओळीने तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. आपल्याकडे शिवाशिवीपायी किती मुले पाणवठ्यापासून व शाळेपासून दूर राखली गेली, ते ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या साहाय्याचे मोल कळेल.

१९१६ साली नेस्मिथ ह्यांनी पाळकपदाची दीक्षा घेतली. त्या वर्षी ते सैन्याच्या तुकडीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर धर्मगुरू म्हणून होते, आणि १९१७ पासून सुमारे दीड वर्ष महायुद्धाच्या धामधुमीत फ्रान्समध्ये राहून त्यांनी सैनिकांची सेवा केली.

त्यांच्या आयुष्यातील धन्यतेचा क्षण १९३६ साली आला. बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांच्या बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. पंचाहत्तरीला टेकलेल्या ह्या शिक्षकापाशी प्रवासखर्चास पैसे नव्हते. अमेरिकेतील खेळाडू व प्रशिक्षकांनी वर्गणी जमवून त्यांस पाठविले. जगातील इतक्या राष्ट्रांचे संघ एका रांगेत उभे राहिलेले पाहून त्यांस काय वाटले असेल ह्याची कल्पनाच करावी. ता. १४ ऑगस्ट रोजी अंतिम सामना उघड्या मैदानात भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ असे हरविले. एक त्यांची जन्मभूमी, दुसरी कर्मभूमी! ह्याच पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे गेला, आणि ता. १५ ऑगस्ट रोजी ध्यानचंदांच्या हिंदी संघाने जर्मनीचा पाडाव केला. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडीही बर्लिनमध्ये होते, व त्यांनी आपले हुतुतूसारखे देशी खेळ तेथे करून दाखविले. वऱ्हाडच्या मातीतला खेळ आणि टोपलीतून निघालेला खेळ एकाच वर्षी एकाच नगरीत जगापुढे उभे राहिले, हा योग विलक्षण होय.

१९३७ साली डॉ. नेस्मिथ सेवानिवृत्त झाले. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स गावी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. खेळाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या पश्चात १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या मागे खेळाची वेल कशी पसरली ह्याचे एकच उदाहरण देतो. १९३२ साली आठ राष्ट्रांनी जिनिव्हा येथे जमून आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना स्थापिली होती. तिच्या वतीने १९५८ साली युरोपातील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा प्रथमच भरली. दोन्ही क्लबांनी एकेकदा आपल्या गावी व एकेकदा परगावी खेळावयाचे, अशी तिची रीत होती. परंतु त्या वेळी युरोप दोन तटांत विभागलेला होता. उपांत्य फेरीत स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबाची गाठ सोव्हिएत राज्यातील रीगा येथील संघाशी पडली, आणि स्पेनच्या सरकारने आपल्या खेळाडूंस तेथे जाऊ दिले नाही. सामना न होताच रीगाचा संघ पुढे गेला. अंतिम फेरीत त्याने बल्गेरियातील सोफियाच्या संघास ८६ विरुद्ध ८१ व ८४ विरुद्ध ७१ असे दोनदा हरविले, आणि पुढील दोन्ही वर्षे अजिंक्यपद राखले. त्या संघाचा आधारस्तंभ यानिस क्रूमिन्श हा सात फुटांहून उंच गडी पूर्वी रानात लाकूडतोड करीत होता. नेस्मिथ हयात असते तर आपला हा समव्यवसायी पाहून त्यांस हसू आले असते! पुढे १९६३ साली हाच माद्रिदचा क्लब मॉस्कोच्या संघाशी अंतिम फेरीत भिडला. ह्या खेपेस मात्र दोन्ही संघांनी एकमेकांच्या नगरीत जाऊन सामने केले. जय मॉस्कोकडे गेला. परंतु पाच वर्षांपूर्वी जो दरवाजा बंद होता तो एका चेंडूसाठी उघडला, हे त्याहून मोठे झाले. धक्काबुक्की टाळण्यासाठी निघालेल्या खेळास हे शोभण्यासारखेच आहे.

फ्रँक महानने नेलेला व परत आणून दिलेला तो तेरा नियमांचा कागद २०१० साली लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरांस विकला गेला. ज्याने तो लिहिला त्यास बर्लिनच्या प्रवासासाठी वर्गणी करावी लागली होती. परंतु त्याने काय कमावले हे त्या आकड्यावरून मोजता यावयाचे नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी मध्येच शाळा सोडून कामास लागला असेल, तर विसाव्या वर्षी बाकावर परत बसलेला हा लाकूडतोड्या त्याने आठवावा. आणि आम्हां शिक्षकांसाठी त्या अठरा जणांचा वर्ग आहे. मुले ऐकेनाशी झाली म्हणजे आमचा हात प्रथम छडीकडे जातो. नेस्मिथ ह्यांचा हात लेखणीकडे गेला. मुलांत काय बिघडले आहे हे विचारण्याआधी आपण त्यांस काय देतो आहो, हे त्यांनी स्वतःस विचारले. ज्या वर्गास दोन शिक्षक कंटाळले होते, त्याच वर्गाने हा खेळ जगभर नेला. संध्याकाळी आपल्या पटांगणावर चेंडू कमानीने वर जाऊन कड्यातून अलगद खाली उतरतो, तेव्हा त्या वर्गाची व त्याच्या गुरुजींची आठवण करावी.